नसलेली ओळ

"सर, हे दोन एकमेकांवर बसत नाहीत."

दशांशने मान वर केली नाही. आवाजावरून कोण आलंय ते त्याला कळलं होतं, आणि मणीबाईंसाठी मान वर करावी असं त्याला इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. शून्य पूर्णांक शून्य दोन आठ. झटके येणाऱ्या रोग्यांना द्यायच्या औषधाचे हे दोन रेणू होते. एक जुन्या, मान्यता मिळालेल्या मालातला, दुसरा नव्या कारखान्याने बनवलेल्या मालातला. दोघांतही एक्केचाळीस अणू. दशांशच्या प्रोग्रॅमने एक रेणू उचलून दुसऱ्यावर ठेवला, चांगला बसेपर्यंत फिरवला आणि अणू-अणूंमध्ये उरलेलं अंतर मोजून सांगितलं, की जवळजवळ काहीच उरलेलं नाही. दोन्ही एकच. दुपारी अहवाल जायचा, आणि आठ दिवसांनी त्या गोळ्या बाजारात जायच्या.

"कशावर काय बसत नाही?" त्याने विचारलं.

मणीबाईंनी हातातले दोन सांगाडे टेबलावर ठेवले. तारेचे, रंगीत मणी ओवलेले. काळे मणी कार्बनचे, निळे नायट्रोजनचे, लाल ऑक्सिजनचे. मणीबाई खरं तर आकडे टाइप करायला होत्या. बाहेरून कागदावर येणारे अणूंचे स्थानांक, दर अणूला तीन आकडे तीन रकान्यांत, त्या संगणकात भरत, एका रेणूचे सव्वाशेच्या आसपास आकडे. पण हाताला वळण होतं, म्हणून पाहुण्यांना दाखवायला असे सांगाडेही त्यांच्याकडूनच करून घेत. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. उद्या कारखान्याची माणसं येणार होती, त्यांच्यासाठी ही जोडी काचेच्या कपाटात ठेवायची होती.

"मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. हे एक टोक जुळवलं की ते निसटतं. ते जुळवलं की हे."

"बाई, तुमचं शिक्षण किती?"

"बारावी."

"आणि हा प्रोग्रॅम एका सेकंदात किती वेळा फिरवून बघतो, माहीत आहे?"

खोलीत दोन रसायनवाले होते. प्रश्न आपल्याला नाही म्हटल्यावर ते सुखावून ऐकायला लागले.

"त्याला फिरवून बघावंच लागत नाही," दशांश म्हणाला. "तो गणिताने थेट उत्तरावर जातो. चाचपडतात ते तुमच्यासारखे. तुम्ही तार वाकडी वाकवलीत आणि आता गणित चुकलं म्हणून सांगायला आलात. घरी पडदा आखूड शिवला की भिंत लांब झाली म्हणता का?"

रसायनवाले हसले. मणीबाईंनी दोन्ही सांगाडे उचलले.

"मी तार नीट वाकवली आहे," एवढंच म्हणून त्या गेल्या.

दशांश हे त्याचं नाव नव्हे. कुणी दोन किलो म्हटलं तर "दोन पूर्णांक किती?" असं विचारण्याची त्याला सवय होती, त्यावरून तपासणी संस्थेत हे नाव मागल्या दाराने आलं आणि घरमालक झालं. त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. निदान नेमकेपणाबद्दल तरी या लोकांना भीती आहे, असं तो समजे.

संस्थेत आदर करावा असं त्याला कुणी सापडलं नव्हतं. रसायनवाले म्हणजे पदवी मिळालेले भांडी घासणारे. संचालक म्हणजे फीत कापायला ठेवलेली कात्री. तळमजल्यावर स्फटिकांचं यंत्र चालवणाऱ्या बाई जरा बऱ्या, पण त्या कामाच्या वेळी गुणगुणतात. त्याच यंत्राला लागून असलेल्या थंड खोलीत तो एकतीस वर्षं बसत होता, डबा एकटा खात होता, आणि दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुकांखाली रेघा मारून ते परत पाठवत होता. चुकीखाली मारलेली रेघ त्याच्या हातची किती सरळ येई, हे बघण्यासारखं होतं.

हे वळण घरचं होतं. वडील, अण्णा, गणिताचे मास्तर. लहानपणी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव घेऊन तो धावत घरी आला, तेव्हा अण्णांनी पेपरवरून नजर न काढता विचारलं होतं, की दोन कुठे सांडून आलास. त्याचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीने साधं, चांगलं पत्र लिहिलं होतं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. अण्णांनी त्यांच्याखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आणि पत्र त्याच पाकिटात घालून परत पाठवलं. तेव्हा दशांश हसला होता. मुलीकडून पुन्हा काही आलं नाही, आणि पुढे कुणी विचारायलाही आलं नाही. आता अण्णा अठ्ठ्याऐंशीचे. खिडकीशी खाटेवर पडून वर्तमानपत्रातल्या चुका काढत. दिवसभर एक आया त्यांचं करी, आणि अण्णा तिच्याही चुका काढत.

दुपारी दशांशने अहवालावर सही केली. लिफाफा गेला. तासाभराने जावक कारकून नोंदवही घेऊन आत आला. त्याचा चेहरा वाईट बातमी आणणाऱ्याचा होता आणि डोळे चांगली बातमी आणणाऱ्याचे.

"साहेब, हे बघून ठेवा. नंतर मला म्हणाल, दाखवलं नाही."

अहवालाच्या नोंदीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, मणीबाईंचं बारीक, गोल अक्षर होतं. 'सांगाडे जुळत नाहीत. सकाळी ११.२० ला तोंडी कळवले.' खाली सही.

दशांशची कानशिलं तापली. नोंदवही ही कायमची वस्तू. उद्या दहा वर्षांनी कुणीतरी ती उघडणार आणि त्याच्या गणितापुढे एका टाइप करणाऱ्या बाईचा शेरा वाचणार. त्याने ठरवलं, की याला उत्तर लेखीच द्यायचं, आणि असं द्यायचं की बाईंनी पुन्हा पेन उचलताना विचार करावा. सांगाड्यांत काय चूक झाली असेल हे त्याला बघताक्षणी कळलं होतं. बाईंनी तार उलट्या अंगाला वाकवली असणार, म्हणजे एक सांगाडा दुसऱ्याचं आरशातलं रूप झाला असणार. डावा हात आणि उजवा हात. बोटं तेवढीच, लांबी तेवढीच, पण डाव्यावर उजवा कसाही फिरवून ठेवा, बसायचा नाही. औषधाचंही तसंच, उलट्या रूपाचं शरीराला लागू पडेलच असं नाही. तेव्हा एक जुना रेणू घ्यायचा, मुद्दाम त्याचं आरशातलं रूप करायचं, आणि प्रोग्रॅम त्या दोघांना लगेच वेगळं सांगतो हे छापून बाईंच्या टेबलावर ठेवायचं. बघा, चुकला असता तर असा आकडा आला असता.

आरशातलं रूप करणं सोपं. तीन रकान्यांतला एक घ्यायचा आणि त्यातलं प्रत्येक चिन्ह बदलायचं. अधिकचं उणे, उणेचं अधिक. त्याने ते केलं आणि बटण दाबलं.

शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य शून्य शून्य.

त्याला वाटलं, आपण चुकून एकच फाइल दोनदा दिली. पुन्हा दिली. मग तिसरा रेणू घेतला. मग चौथा. दरवेळी शून्य, सहाही घरं भरून. डावा आणि उजवा हात, आणि त्याचा प्रोग्रॅम म्हणत होता की हे दोन्ही एकच.

मग त्याने प्रोग्रॅमच उघडला. त्यातल्या चुकीचा शोध घ्यायला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण चूक कुठे असेल ते त्याला मनात आधीच कळलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याने जुनी पद्धत टाकून नवी घातली होती. जुनी थोडं थोडं फिरवून बघत चार मिनिटं घ्यायची. नवी अर्ध्या सेकंदात नऊ आकड्यांचा एक चौकोन काढून द्यायची, आणि रेणू कसा फिरवायचा ते त्या चौकोनात असायचं. फक्त एक पथ्य होतं. त्या चौकोनाचा निश्चायक, म्हणजे त्या नऊ आकड्यांवरून निघणारा एक आकडा, तपासायचा. अधिक एक आला तर रेणू खरंच फिरवलाय. उणे एक आला, तर त्याला आरशातून आरपार काढलाय, आणि तसं करायला जगात कुठल्याही रेणूला परवानगी नाही. एका ओळीचं काम. ती ओळ तिथे नव्हती.

विसरला असता तरी एक वेळ बरं. त्याला आठवलं. नवी पद्धत दाखवायच्या बैठकीत एका नव्या रसायनवाल्याने उभं राहून विचारलं होतं, की माल जर आरशातल्या रूपाचा आला तर? आणि दशांश म्हणाला होता, "कारखाने आरशातून माल पाठवत नसतात." सगळे हसले होते. तो पोरसवदा माणूस लाल होऊन खाली बसला आणि वर्षाच्या आत दुसरीकडे गेला. ती ओळ घालायची राहिली ती त्या हशातच.

दशांशने जावक कारकुनाला विचारलं. लिफाफा पोचलासुद्धा होता. मग त्याने संचालकांना फोन केला आणि सांगितलं, की अहवाल थांबवा, जुळणीत दोष आहे. संचालकांनी विचारलं, कुणाचा. दशांश म्हणाला, उद्या समक्ष सांगतो. ती एक रात्र त्याने स्वतःसाठी ठेवून घेतली, असं म्हणायला हरकत नाही.

संचालकांना तेवढी पुरली. सकाळी त्याला खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर पत्र तयार होतं. मणीबाई भिंतीशी उभ्या होत्या; त्यांना बसायला कुणी सांगितलं नव्हतं. संचालक गोड बोलत होते. त्यांचा आवाज मऊ झाला, की समोरच्याने आपला खिसा चाचपावा असा संस्थेत अनुभव होता. ते म्हणाले, की कारखान्याला आपण रात्रीच कळवलंय, माल थांबलाय, काही बिघडलेलं नाही. जुन्या रेणूचे आकडे कागदावरून भरताना बाईंकडून उणेचं चिन्ह राहून गेलं, त्यामुळे गोंधळ झाला. माणूस आहे, चुकतो. बाईंचा करार तसाही महिनाअखेर संपतो आहे. तेव्हा कुणावर ठपका असा नाही, फक्त दशांशने या पत्राखाली सही करायची.

"मी भरलेले आकडे मोठ्याने वाचून तपासते," मणीबाई म्हणाल्या. "पट्टी लावून. हेही तपासलेत."

"हो हो," संचालक म्हणाले, आणि त्यांच्याकडे न बघता पत्र दशांशपुढे सरकवलं.

दशांशने ते वाचलं. पहिल्या ओळीत 'निष्पन्न' हा शब्द चुकला होता. त्याने खिशातलं पेन काढलं आणि सवयीने त्याखाली रेघ मारली. संचालकांना वाटलं, सही होतेय.

त्याच्या मनात त्या क्षणी काय होतं हे सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी त्याला मोठेपणा चिकटवला. मणीबाईंची दया त्याला आली नव्हती. त्यांचा करार संपला असता, तर त्याने दुसऱ्या दिवशी नव्या बाईंनाही तसंच वागवलं असतं. सही करून सुटावं असंही त्याला वाटलं होतं, अगदी मनापासून. पण पत्रात लिहिलेलं कारण त्याने पुन्हा वाचलं आणि त्याला किळस आली. इतकं भिकार कारण. शाळेतल्या पोराने दिलं असतं, तर अण्णांनी त्याला पट्टीने मारलं असतं. आणि या कारणाखाली माझी सही?

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"शुद्धलेखन आपण नंतर बघू."

"कारण चूक आहे. एका आकड्याचं उणे राहिलं, तर एक अणू उडून भलतीकडे जातो. रेणू मोडतो. प्रोग्रॅम लगेच बोंबलतो. आरशातलं रूप व्हायला एका रकान्यातली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चिन्हं उलटावी लागतात. उण्याची अधिक आणि अधिकाची उणे. चुकणारा माणूस इतक्या शिस्तीने चुकत नाही." त्याने पत्र उलटं करून ठेवलं. "बाईंचे आकडे बरोबर आहेत. सांगाडेही बरोबर आहेत. कारखान्याचाच माल उलटा आहे. आणि माझा प्रोग्रॅम उलट-सुलट ओळखत नाही. अकरा वर्षं ओळखत नाही."

संचालकांचा मऊपणा ओसरला. त्यांनी विचारलं, की हे बाहेर गेलं तर काय होईल याची कल्पना आहे का. अकरा वर्षांचे सगळे अहवाल संशयात येतील. दशांश म्हणाला, यायलाच हवेत. संचालक म्हणाले, की तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. दशांश म्हणाला, एक वर्ष दहा महिने.

बोळात आल्यावर मणीबाई थांबल्या.

"तुम्ही माझ्यासाठी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही."

"ते मला कळलं. तुम्हाला ते कारण सहन झालं नाही." त्या जरा थांबल्या. "काल मला जे बोललात, ते त्या दोघांसमोर बोललात. तार वाकडी म्हणालात. आत्ता जे सांगितलंत ते साहेबांच्या बंद खोलीत. मला ते चालणार नाही."

दशांशला हे अपेक्षित नव्हतं. आपण नोकरी पणाला लावून आलो आणि ही बाई हिशेब पुरा करून मागते आहे. ओठांवर एक शब्द आला होता, तो त्याने गिळला, कारण मागणी तंतोतंत होती. जेवढं घेतलं तेवढंच, जिथे घेतलं तिथेच. त्याला त्यात चूक काढता येईना.

तो खोलीत गेला. रसायनवाले चहा पीत होते. मणीबाई दारात उभ्या राहिल्या. दशांशला माफी मागण्याचा सराव नव्हता. पोहायला न येणारा माणूस विहिरीत उतरावा तसा तो त्यात उतरला. म्हणाला, की काल या बाईंच्या सांगाड्यांबद्दल मी जे बोललो ते साफ चूक होतं, तार नीट वाकवलेली होती, चूक माझी होती. मग उगाच पुढे म्हणाला, "मूर्खासारखी होती." रसायनवाल्यांचे कप तसेच हातात राहिले. वर्षानुवर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो असा सकाळी पावणेअकराला, चहाच्या वेळी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यातला एक हसला. दशांशने ते बघितलं, आणि काल हाच माणूस याच तोंडाने हसला होता हेही त्याच्या ध्यानात आलं. कालचं हसू आपण आपल्या बाजूचं समजलो होतो.

संध्याकाळी त्याने अण्णांना सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही कळलं नाही. अण्णांनी वर्तमानपत्र छातीवर उतरवलं.

"म्हणजे अकरा वर्षं चुकत होतास."

"हो."

"पकडलं कुणी?"

"टाइप करणाऱ्या एक बाई आहेत."

"शिक्षण किती तिचं?"

"बारावी."

अण्णा हसले. आधी नाकातून, मग तोंडाने, मग सगळं अंग हलायला लागलं. त्यांना इतकं हसताना दशांशने पूर्वी बघितलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, तेव्हा त्याने त्यांना उठवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हाताखाली हाडं लागत होती. हा म्हातारा आपल्यावर हसतो आहे, आणि आपण त्याची पाठ चोळतो आहोत. आयुष्यभर हेच तर केलं, असं त्याच्या मनात आलं आणि गेलं.

नंतरचे सात आठवडे तपासणी चालली. अकरा वर्षांतल्या एकोणीसशे चाळीस जोड्या. प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ घालायला दशांशला अर्धा मिनिट लागला होता. पण जुने आकडे फक्त कागदांवर उरले होते, ते पुन्हा काढायचे, भरायचे, वाचून घ्यायचे. मणीबाई वाचत, तो ताडून बघे. पहिल्या दिवशी त्याने त्यांना मध्येच तोडलं, की 'उणे' स्पष्ट म्हणा. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, की पुन्हा असं बोललात तर उरलेले तुम्हीच वाचा. त्यानंतर तो बोलला नाही. मैत्री वगैरे झाली नाही. मणीबाई त्याला चहा विचारत नसत आणि तोही त्यांना विचारत नसे. कामाची मात्र लय लागली. एकदा त्यांनी विचारलं, की हा निश्चायक म्हणजे नक्की काय ठरवतो. त्याने कागदावर काढून दाखवलं. त्या एकदाच बघून "अच्छा" म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात एक जोडी आकडा यायच्या आधीच बाजूला काढून म्हणाल्या, ही उलटी निघणार. निघाली.

सगळ्यांत मिळून चार उलट्या निघाल्या. दोन ठिकाणी कारखान्यानेच पुढे पकडलं होतं. एक माल बाजारात गेलाच नव्हता. चौथं चक्कर येण्यावरचं औषध होतं, दोन वर्षं विकलं गेलेलं. दशांशने त्या कारखान्याला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, काहीही न लपवता. महिन्याने दोन ओळींचं उत्तर आलं. ते औषध पूर्वीच बंद केलं आहे. गुण येत नसल्याच्या तक्रारी होत्या, अपाय झाल्याची नोंद नाही.

ते उत्तर तो टेबलाशी बराच वेळ घेऊन बसला. अपाय नाही. दोन वर्षं माणसं ती गोळी पाण्याबरोबर घेत राहिली, भिंत धरून चालत राहिली. डॉक्टरने सांगितलं असेल, नियमाने घ्या. घरच्यांनी म्हटलं असेल, तुम्हालाच मेली सगळी दुखणी. आपल्यालाच गुण कसा येत नाही म्हणून त्यांनी आपल्या शरीराला बोल लावला असेल. दशांशने आयुष्यात ज्यांना ज्यांना मूर्ख म्हटलं, त्यांतल्या कुणी इतक्या लोकांना इतकं शांतपणे फसवलं नव्हतं. त्याला लाल पेन्सिल मारावीशी वाटली. पण मारायची कुठे, ते कळेना.

संचालकांनी पुढे जे केलं ते त्यांना शोभण्यासारखंच होतं. बाहेरून एक नवा प्रोग्रॅम आणला, ज्यात रेणू रंगीत दिसत आणि आपोआप गिरक्या घेत. त्याच्या उद्घाटनाला फीत कापली. भाषणात 'संस्थेने स्वतःहून दाखवलेल्या पारदर्शकतेचा' चार वेळा उल्लेख केला. मणीबाईंना प्रशस्तिपत्र दिलं, त्यात त्यांचं आडनाव चुकलं होतं. पण करारही वाढला आणि नवा प्रोग्रॅम त्यांच्याकडे आला, कारण रसायनवाल्यांपैकी कुणाला ती जोखीम नको होती. दशांशला 'प्रकृतीच्या कारणास्तव' लवकर निवृत्ती घ्यायला सांगितलं. त्याची प्रकृती ठणठणीत होती. त्याने अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात 'मुदतीपूर्वी निवृत्ती, संस्थेच्या सूचनेवरून' असं लिहून दिलं. तो तीन वेळा परत आला, तीनही वेळा त्याने तेच लिहिलं. शेवटी कंटाळून मंजूर झाला. निरोपाच्या वेळी कुणी भाषण केलं नाही, आणि एका अर्थी त्यांनी त्याच्या कानांवर उपकारच केले.

घरी बसल्यावर आयाला निरोप देऊन अण्णांचं सगळं तो स्वतः करायला लागला. त्यांना अंघोळ घालायची, दाढी करायची, दूध द्यायचं. अण्णा त्याच्या दाढी करण्यात चुका काढत. संस्थेतून कुणाचा फोन येत नसे.

पाच महिन्यांनी एका सकाळी आला. दूध गॅसवर होतं.

"मी बोलतेय," मणीबाई म्हणाल्या. नाव सांगायची त्यांना गरज वाटली नाही. "एक अडचण आहे. नवा प्रोग्रॅम दोन रेणू वेगळे सांगतोय. मला ते एकच वाटतात. मी सांगाडे करून बघितले, बसतात."

त्याने विचारलं, वळं आहे का त्यात, सहा अणूंचं. त्या म्हणाल्या, आहे. मग त्याने समजावून सांगितलं, की दोन्ही ठिकाणी अणूंना क्रमांक दिलेले असतात आणि प्रोग्रॅम एकला एक, दोनला दोन असं जोडून बघतो. वळ्याभोवती एकाने क्रमांक भलत्याच अणूपासून द्यायला घेतले असतील, तर तेच वळं त्याला वेगळं दिसणार. त्या म्हणाल्या, "थांबा, लिहून घेते." तो थांबला. मग त्यांनी विचारलं, की मग कुठून मोजायला सुरुवात करायची हे कसं ठरवायचं. ठरवायचं नाही, तो म्हणाला, सहाही जागांवरून करून बघायची, दोन्ही दिशांनी, आणि सगळ्यांत कमी आकडा येतो तो घ्यायचा. त्यांना दोन्ही दिशांचं कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. दशांशने पुन्हा सांगितलं. त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, "हे नाही आलं लक्षात."

दशांशच्या जिभेवर जुनं वाक्य तयार होतं. त्याने एक श्वास घेतला. मग म्हणाला, "माझं सांगणं बरोबर होत नाहीये. टेबलाभोवती सहा माणसं बसली आहेत असं समजा," आणि पहिल्यापासून सुरुवात केली. उभ्या उभ्या पंचवीस-तीस मिनिटं गेली असतील. शेवटी पलीकडे पेनाचा आवाज थांबला.

"आलं," मणीबाई म्हणाल्या. "ठेवते." आणि फोन ठेवला. आभार वगैरे काही नाही. बरोबरच होतं, कामाचा फोन होता.

तो वळला तेव्हा दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, भांड्याचा तळ काळा झाला होता, घरभर वास सुटला होता. आतून अण्णांचा आवाज आला.

"काय जळलं?"

"दूध."

"एवढंसुद्धा जमत नाही तुला."

दशांशने भांडं उतरवून मोरीत ठेवलं, फडकं ओलं केलं.

"नाही जमलं, अण्णा," तो म्हणाला. "दुसरं तापवतो. दहा मिनिटं लागतील."

तो शेगडी पुसायला लागला. जळलेलं दूध चिवट असतं, एका फटक्यात निघत नाही. त्याने फडकं पिळलं आणि कडेकडेने, सावकाश, पुन्हा पुसत आणलं.